आर्मोझचा बुडालेला संत

१

कालव्याचं पाणी त्या दिवशी मीच सोडलं होतं, म्हणून तो चेहरा सगळ्यांत आधी मला दिसला.

दर नोव्हेंबरात आम्ही कालवा रिकामा करतो. होड्या थांबलेल्या असतात, दारांची डागडुजी करायची असते. नवरा गेल्यापासून कालव्याची दारं मीच सांभाळते, तेव्हा दांडा फिरवायचा मान माझा. आणि पाणी उतरलं की अख्खं आर्मोझ गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून, बादल्या घेऊन काठावर हजर होतं, कारण तळाच्या डबक्यांत मासे अडकलेले असतात. घरची भांडणं विसरून लोक एकमेकांच्या अंगावर चिखल उडवतात. वर्षातला हा एकच दिवस असा, की नोटरी आणि खाटीक एकाच डबक्यात उभे दिसतात.

तर मी जुन्या पुलाखाली पाहिलं, आणि काळ्या चिखलातून एक तोंड वर बघत होतं. डोळे उघडे. दाढी.

"माणूस आहे!" मी किंचाळले. "अहो, खाली माणूस पडलाय!"

बादल्या पडल्या. कुणाची तरी पोर रडायला लागली. खाटीक लुसियाँ चिखल तुडवत पुढे गेला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं टोपी काढली.

"माणूस नाही," तो म्हणाला. "आपला निकोला आहे."

प्रेत निघालं असतं तर इतका धक्का बसला नसता, खरं सांगते. संत निकोला म्हणजे आमच्या नावाड्यांचा, लाकडं वाहून नेणाऱ्यांचा राखणदार. आमच्या पणज्यांनी अक्रोडाच्या ओंडक्यातून कोरलेला, पायाशी लाकडी टोपात बसलेली, गोष्टीत त्यानं जिवंत केलेली ती तीन पोरं. चार वर्षांपूर्वी, त्याच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, तो चर्चमधून नाहीसा झाला होता. आणि त्याच्या पायी या गावानं एक माणूस संपवला होता.

त्या माणसाचं नाव आदेलिनो. पोर्तुगालचा गवंडी, इथं पंधरा-वीस वर्षं राहिलेला. त्या महिन्यात चर्चचं छप्पर तो दुरुस्त करत होता आणि किल्ली त्याच्याकडे होती. झालं! पोलिसांना काही सापडलं नाही, त्यांनी त्याला सोडून दिलं. गावानं सोडलं नाही. त्याची गाडी तर पहिल्याच सकाळी जाळली होती. त्याला काम देणं बंद केलं. पाव विकणारीसुद्धा त्याच्या बायकोला पाव द्यायच्या आधी इतरांना द्यायची. शेवटी तो कामासाठी नेव्हेरला गेला, आणि या वसंतात तिथं परांचीवरून पडून मेला. मागे राहिली बायको, देओलिंदा. चार घरची धुणीभांडी करणारी.

तिचं मागणं एकच होतं. त्यांची दोन वर्षांची मुलगी, इनेस, तापानं गेलेली, आमच्या कबरस्तानात आहे. तिच्याशेजारी आदेलिनोला आणून पुरू द्या. नगरसभेनं अर्ज फेटाळला. "संताच्या चोराला आमच्या मेलेल्यांत जागा नाही," असं नगराध्यक्ष दुव्हर्न भर सभेत म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

ती देओलिंदा त्या दिवशी काठावर उभी होती. आजवर या माशांच्या जत्रेला ती कधी आली नव्हती. हातात बादली नव्हती, पायात कोरडे रविवारचे बूट होते.

"पाहिलंत?" दुव्हर्न वरून ओरडला. "पळायच्या आधी त्यानं इथं फेकला! देवाच्या घरी उशीर असतो, अंधेर नसतो!"

"अहो, मागच्या वर्षीही कालवा रिकामा केला होता," मी म्हणाले. "याच पुलाखाली मी मासा पकडला. इथं काही नव्हतं."

"चिखलात रुतला असेल. आता वर आला."

तेवढ्यात मागून काठीचा ठक्कन आवाज झाला. सगळ्यांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. एदमे शारो, आमच्या इतिहास-भूगोलाच्या बाई. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण गावात साठीच्या आतला एकही माणूस असा नाही ज्याला त्यांनी बाकावर उभं केलेलं नाही.

"दुव्हर्न," बाई म्हणाल्या, "आपले आजे-पणजे काय करायचे?"

"लाकडं सोडायचे, बाई. योन नदीतून. पॅरिसपर्यंत."

"सोडायचे म्हणजे?"

"तरंगत."

"शाबास. निकोला कशाचा आहे?"

बाईंनी काठी चिखलाकडे रोखली.

"लाकूड तरंगवणाऱ्यांची पोरं तुम्ही! आणि लाकूड तळाला गेलेलं बघून एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की हे बुडालं कसं?"

२

चार बाप्यांनी त्याला वर काढला, तरी घसरत होते. पूर्वी मिरवणुकीत दोघं जण त्याला खांद्यावर घेऊन वर गाणी म्हणायचे. चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर आडवा ठेवला तेव्हा टेबल करकरलं. बाईंनी मला आणि पाद्रीबाबांना सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि केसांतली पिन काढून काम सुरू केलं.

"पाण्यात राहून राहून जड झालेल्या ओंडक्याला आपली माणसं काय म्हणायची, लेओनी?"

"बदक," मी म्हणाले. आजी सांगायची. काही ओंडके वाटेत पाणी पिऊन तळाला बसायचे. मग उन्हाळ्यात त्यांना शोधून काढायचे.

"तसं बदक व्हायला वर्षं लागतात. चार वर्षांपूर्वी कोरडा निकोला कालव्यात फेकला असता तर दुसऱ्या सकाळी तुझ्या दारापाशी तरंगत आला असता. दगड बांधून बुडवला म्हणावं, तर दोरीचा वळ नाही. शिवाय गेल्या वर्षी तो तिथं नव्हता. म्हणजे तो दुसरीकडे कुठंतरी पाण्यात होता. तिथं बदक झाला. मग कुणीतरी त्याला तिथून उचलून कालव्यात आणून ठेवला."

"ठेवला?" पाद्रीबाबा म्हणाले.

"फेकला असता तर हा हात मोडला नसता का? एक बोट तुटलेलं नाही. उताणा, सरळ, झोपवल्यासारखा. चोर इतकं जपतो?"

त्यांची पिन संताच्या झग्याच्या घडीत घुसली आणि तिथून एक पांढरी खपली निघाली. अंड्याच्या कवचासारखी. झग्यावर, दाढीत, काठीवर, सगळीकडे तोच पांढरा थर होता, वरचा काळा चिखल पुसल्यावर दिसणारा. बाईंनी खपली रुमालात बांधली. मग पायाशी वाकल्या.

"लेओनी, इकडे बघ."

टोपातली ती तीन पोरं. संताच्या तोंडावर थर तसाच होता, पण पोरांची तोंडं स्वच्छ होती. नखानं हळूहळू खरवडून काढल्यासारखी. गाल, नाक, पापण्या. तिघांचीही.

एवढं कुणी का केलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही.

बाई तडक माझ्या घरी आल्या, स्वयंपाकघरात शिरल्या आणि व्हिनेगरची बाटली मागितली. खपलीवर थेंब टाकला. ती फसफसली.

"चुना," बाई म्हणाल्या. "आता भूगोल. आपली योन कुठून येते?"

"मोर्वाँच्या डोंगरातून."

"तो दगड कुठला? ग्रॅनाइट, कठीण. त्यात चुना औषधालाही नाही. कालव्यात पाणी योनचंच. मग आर्मोझमध्ये चुन्याचं पाणी कुठं आहे?"

सहावीत असताना जशी बाकाकडे बघत बसायचे तशी मी टेबलाकडे बघत बसले.

"अगं, तुझ्या वर्गाला मी कुठं नेलं होतं? प्रत्येकीला एक काटकी ठेवायला लावली होती. पुढच्या वर्षी ती काढली तेव्हा तू म्हणालीस, बाई, माझी काटकी दगड झाली!"

आठवलं, आणि मी खुर्चीत बसले. द्राक्षमळ्यांच्या पांढऱ्या टेकडीतून एक झरा निघतो. त्यावर बायकांचा धुण्याचा जुना हौद आहे. घरोघरी नळ आल्यावर हौद बंद पडला आणि त्याच्याभोवती भिंत घालून तो एका बागेत गेला. त्या बागेची किल्ली एकाच माणसाकडे आहे.

"नाही हो बाई," मी म्हणाले. "आन्सेल्मआबा? ते शक्यच नाही!"

३

आन्सेल्म गोतरँ म्हणजे निकोलाच्या मंडळाचे प्रमुख. लाकडं सोडणाऱ्या घराण्यातले शेवटचे. मिरवणुकीत संतापुढे चालायचा मान त्यांचा. निकोला गेला तेव्हा ते आजारी पडले होते, लोक त्यांच्या घरी समाचाराला गेले होते.

मला वाटलं, बाई आता थेट त्यांच्याकडे जाणार. पण बाईंनी आधी जुन्या वस्तूंच्या दुकानाचा रस्ता धरला.

दुकानदार गॅस्पार हसतमुख आणि हलकट. निकोलावर त्याचा डोळा होता हे गावाला ठाऊक होतं. आम्हांला बघून त्यानं खुर्च्या पुसल्या, म्हणजे त्या विकायला होत्या म्हणून नव्हे, घाबरला म्हणून.

"बाई, मी नाही! आईशप्पथ."

"तुझी आई माझी मैत्रीण होती, तिला मध्ये आणू नकोस. त्या वर्षी तू निकोलाला हात लावला होतास?"

"लावला होता. पाद्रीबाबांच्या समोर. विकत मागितला, त्यांनी हाकलून दिलं. पण मी तेव्हाच सांगितलं होतं, याला भुंगा लागलाय. खालून पीठ पडत होतं. दोन-तीन हिवाळे, आणि मिरवणुकीत हातात फक्त टोपी राहील. दुव्हर्नला सांगितलं मी, दिजाँला माणसं आहेत, औषधाची धुरी देतात, तिकडे पाठवा."

"मग?"

"मग काय, तो म्हणाला बघतो. त्यानंतर संतच गेला."

आम्ही नगरपालिकेत गेलो. दुव्हर्न आम्हांला बघून उभा राहिला.

"बाई, मी नगराध्यक्ष आहे, मला असं..."

"माहीत आहे. मत मीही दिलं होतं, त्याचा पश्चात्ताप चालू आहे. निकोलाला दिजाँला पाठवायचं ठरवलं होतंस?"

तो पडेल तोंडानं खाली बसला. हो म्हणाला. सणानंतर पाठवणार होता. गावाला सांगितलं असतं तर दंगा झाला असता, म्हणून गुपचूप.

ते मात्र खरं. आर्मोझचं एक दुखणं आहे. क्रांतीच्या वेळी आमच्या घंटा ओतायला नेल्या, परत आल्या नाहीत. मठातले जुने कागद नेव्हेरला नेले, परत आले नाहीत. तरणी पोरं लढाईला नेली, त्यांची नावं चौकातल्या दगडावर आहेत. इथून नेलेलं परत येत नाही, हे इथं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

"कुणाकुणाला बोललास?"

"कुणालाच नाही. फक्त मंडळाच्या प्रमुखांना. त्यांना तर सांगावंच लागणार."

"आणि तो नाहीसा झाल्यावर, पोलिसांना हे सांगितलंस?"

दुव्हर्न टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. "लोकांना आधीच चोर सापडला होता, बाई. मी मध्ये कशाला तोंड घालू?"

बाईंनी काठी वर उचलली. मला वाटलं, आज नगराध्यक्षाला मार बसणार. पण त्या काठी टेकत बाहेर पडल्या. मीही त्यांच्या मागून निघाले, आणि पायऱ्या उतरताना माझ्या तोंडून इतक्या शिव्या गेल्या की चौकातली कबुतरं उडाली.

४

आन्सेल्मआबा खिडकीत बसले होते, पायावर पांघरूण. टेबलावर सूप निवत होतं. बाई आत शिरल्या आणि त्यांनी रुमाल उघडून ती पांढरी खपली त्यांच्या मांडीवर ठेवली.

आबांनी ती उचलली, बोटांत चुरली.

"मारायला नाही बुडवला, एदमे," ते म्हणाले. "जगवायला बुडवला."

माझा हात तोंडावर गेला. ऐकायची तयारी होती, तरी.

"भुंगा लागलेलं लाकूड आमचा आजा पाण्यात दाबून ठेवायचा. किडा गुदमरतो, लाकूड वाचतं. दिजाँला गेला असता तर परत आला असता का? सांग ना, तूच शिकवलंस, काय परत आलं? मी म्हटलं, रात्रीपुरता कुणाला दिसणार नाही, सकाळी सणाला सांगेन, निकोला हौदात आहे, औषध चालू आहे. लोक हसतील, दुव्हर्न बोंबलेल, बोंबलू दे. मंडळाच्या किल्लीनं चर्च उघडलं, ठेल्यावर घालून आणला. रेमी होता बरोबर." रेमी म्हणजे त्यांचा मुलगा.

"मग सांगितलं का नाहीत, आबा?" मी ओरडलेच. "सांगितलं का नाहीत?"

"सकाळी उठलो तर गाव त्या गवंड्याच्या दारात. मी कोट घातला, निघालो. वाटेत रेमी भेटला, अंगाला पेट्रोलचा वास. म्हणाला, बाबा, गाडी पेटवली आम्ही त्याची. मी विचारलं, अरे गाढवा, निकोला कुठं आहे ते तुला माहीत आहे ना! तर म्हणतो, सगळे चालले होते, मी एकटा कसा मागं राहू?" आबांनी डोळे मिटले. "मी बोललो असतो तर रेमी तुरुंगात गेला असता. म्हटलं, राग निवला की बोलू. मग गवंडी गाव सोडून गेला. मग मेला. रोज वाटायचं, आज बोलू."

"तुमच्याच घरी त्याची बायको भांडी घासते," बाई म्हणाल्या.

"मी तिला जास्त पैसे देतो," आबा म्हणाले, आणि स्वतःच त्या वाक्याला लाजले.

माणूस चांगला होता हो. सगळं आयुष्य चांगला होता. म्हणूनच मला तिथं बसवेना.

"आणि आता कालव्यात कशाला नेऊन ठेवलात?" बाईंनी विचारलं.

आबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

"मी?" ते म्हणाले. "एदमे, मला खाटेवरून उठवायला माणूस लागतो. रेमी सहा महिने बोटीवर आहे. परवा या खिडकीतून हौद रिकामा दिसला तेव्हा मला वाटलं, तूच नेलास."

५

बाहेर आल्यावर बाई कुंपणाच्या दगडावर बसल्या. इतक्या थकलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

"मला वाटलं होतं, चोर सापडला की सगळं संपलं," त्या म्हणाल्या. "चोर सापडला, आणि चोरीच नव्हती. आता सांग, त्याला कालव्यात कोण ठेवेल? आर्मोझचा कुणी काही लपवायला कालव्यात टाकेल?"

"छे! वर्षाला रिकामा होतो. लपवायचं तर नदी आहे."

"म्हणजे लपवायचं नव्हतं. सापडायला हवं होतं. सगळ्यांच्या देखत, एकाच वेळी. बरं, हौदातून काढला कुणी? ज्याला बागेत जाता येतं त्यानं. एवढं वजन उचललं कसं? कप्पी लावून, दोर लावून, जसं विटा चढवणारे करतात. आणि त्या पोरांची तोंडं, लेओनी. संताचं तोंड तसंच सोडलं, आणि पोरांची..."

त्यांना पुढे बोलायची गरज नव्हती. मला काठावरचे ते रविवारचे बूट आठवले.

देओलिंदानं दार उघडलं, आम्हांला आत घेतलं, कॉफी ठेवली. भिंतीवर आदेलिनोचा फोटो, मिशी विंचरलेला, कडक कॉलर. तिनं काहीच नाकारलं नाही.

"उन्हाळ्यात झरा आटला," ती म्हणाली. "आबांच्या बागेत कपडे वाळत घालायला गेले तर हौदातून हात वर आलेला. पांढरा. मी किंचाळले, मग बघितलं कोण ते. तिथंच खाली बसले, बाई. आदेलिनोला जाऊन चार महिने झाले होते."

"तेव्हाच माझ्याकडे का नाही आलीस गं?" बाईंनी विचारलं.

"आले असते. तुम्ही पोलिसांना आणलं असतं. निकोला कुठं सापडला? ज्या घरी चोराची बायको काम करते तिथं. गावानं काय म्हटलं असतं?"

आम्हां तिघींनाही ठाऊक होतं काय म्हटलं असतं. नवऱ्यानं चोरला, बायकोनं म्हाताऱ्याच्या हौदात लपवला. बिचारे आबा!

"कालवा दर वर्षी रिकामा होतो. मागच्या वर्षी तिथं काही नव्हतं, हे सगळ्या गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मागच्या वर्षी आदेलिनो इथं नव्हताच, या वर्षी तर तो मेलेलाच आहे. मेलेला माणूस संत उचलून आणत नाही. एवढं तरी त्यांना कळेल, असं वाटलं." तिनं कप सारखे केले. "त्याच्या सामानातली कप्पी होती. पहाटे धुकं होतं. वळ पडू नये म्हणून गोधडीत गुंडाळून मगच दोर लावला, हातगाडीवर नेला. जड होता, पण आम्ही दोघांनी याहून जड दगड चढवलेत."

"आणि पोरांची तोंडं?"

आता तिचा चेहरा हलला.

"ती काय लपवायची गोष्ट आहे? पाण्यात चार वर्षं होती ती. नाकातोंडात चुना. मला बघवेना."

मी उठून खिडकीपाशी गेले आणि पदर नाही म्हणून बाहीनंच डोळे पुसले. मागे बाईंचा आवाज आला. चाळीस वर्षं गावानं वर्गात जो आवाज ऐकला, तो हा नव्हता.

"देओलिंदा, मी हे गावाला सांगू?"

"सांगायलाच हवं ना, बाई. मी पोर्तुगीज. मी सांगितलं तर गोष्ट होईल. तुम्ही सांगितलं तर खरं होईल."

६

बाईंनी रविवारी चर्चमध्ये सांगितलं. काही गाळलं नाही. झरा, चुना, भुंगा, दिजाँ, कोट घालून अर्ध्या वाटेवरून परत फिरलेले आबा, पेट्रोलचा वास. दुव्हर्नचं नावही घेतलं. आबांनी स्वतःला खुर्चीसकट उचलून तिथं आणवून घेतलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी "हो" म्हटलं, आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

पाव विकणारी उठली आणि पुन्हा बसली. माझ्या शेजारची म्हातारी नुसती "अरे देवा, अरे देवा" करत होती. लोकांना चोर गमावल्याचा धक्का जास्त बसला होता की माणूस गमावल्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

नगरसभा त्याच दिवशी बसली. ठराव एका दमात मंजूर झाला. नेव्हेरहून आदेलिनोला सन्मानानं आणायचं, इनेसच्या शेजारी जागा द्यायची, वर चांगला दगड बसवायचा. सणाच्या दिवशी निकोलाची मिरवणूक नाही, कारण तो अजून ओल्या वाळूत हळूहळू वाळत होता, तर त्याऐवजी सगळ्या गावानं आदेलिनोमागे चालायचं. कुणीतरी म्हणालं, बँडही लावू. दुव्हर्न कागद घेऊन देओलिंदाच्या दारात गेला, टोपी हातात, मागे निम्मं गाव. मी आणि बाईही होतो.

त्यानं वाचून दाखवलं. वाचताना रडला, आणि ते नाटक नव्हतं. देओलिंदानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत गेली आणि तिचा स्वतःचा एक कागद घेऊन आली.

"यावर सही करा," ती म्हणाली.

दुव्हर्ननं वाचलं. चेहरा उतरला. "पण हे... अगं, हे उलटं आहे. आम्ही त्याला इथं आणतोय."

"मी तेच मागत होते," ती म्हणाली. "वसंतात. तेव्हा मला वाटत होतं, माझी मुलगी चांगल्या लोकांत झोपलीय आणि तिचा बापच तेवढा बाहेर राहिलाय. आता मला कळलं ती कुणांत झोपलीय. मी तिला तिच्या बापाकडे नेते."

"असं नको गं करू," पाव विकणारी पुढे झाली. "आम्ही चुकलो. आम्ही सगळे पाया पडतो तुझ्या."

"मी रागावलेली नाही, मादाम," देओलिंदा म्हणाली. "फक्त सही हवी."

दुव्हर्ननं बाईंकडे पाहिलं, जसा लहानपणी फळ्यापाशी अडला की पाहायचा. बाई म्हणाल्या, "कर सही." त्यानं दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली.

सणाच्या सकाळी गाव कबरस्तानात जमलं. बोलावलं कुणी नव्हतं. खणणाऱ्यानं पेटी वर दिली, इतकीशी, आणि दुव्हर्न, खाटीक लुसियाँ, गॅस्पार, सगळेच एकदम हात पुढे करून सरसावले. देओलिंदानं कुणालाच दिली नाही. नेव्हेरहून आलेल्या गाडीत ती पुढच्या सीटवर बसली, पेटी मांडीवर घेतली आणि दार ओढून घेतलं.

बाई खिडकीपाशी गेल्या. "मी येऊ बरोबर?" त्यांनी विचारलं. देओलिंदानं नाही म्हणून मान हलवली, पण हसून, आणि बाईंचा हात एकदा दाबला.

गाडी पुलावरून गेली तशी आम्ही टोप्या काढून उभे राहिलो. आम्हांला कुणी शिवी दिली नव्हती, शाप दिला नव्हता. दिला असता तर घरी जाणं सोपं झालं असतं.